संगीत शिकण्यासाठी महाविद्यालय निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेशाचे दिवस आले की माझा फोन तापतो. विचारणारी मुलं दरवर्षी नवी, प्रश्न मात्र तेच. मी कॉलेजातही शिकले, गुरूंकडेही शिकले, पुढे शिकवलं आणि प्रवेशचाचणीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालं. म्हणून ही उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे. उदाहरणं बहुतेक गायनाची आहेत, कारण माझा वावर तिथला. वाद्याच्या विद्यार्थ्यांनी ‘गळा’ असेल तिथे आपलं वाद्य वाचावं.

कॉलेजकडे सगळ्यात आधी काय मागायचं?

दुसऱ्या वर्षाचं चालू वेळापत्रक. माहितीपत्रक नव्हे. माहितीपत्रकात सभागृहाचा फोटो असतो, कुणी मोठे कलाकार येऊन गेले त्या दिवसाचा फोटो असतो. सोमवारी सकाळी दहाला कोण, कुठल्या खोलीत, किती मुलांना घेऊन बसतं, हे फक्त वेळापत्रक सांगतं. आणि दुसऱ्याच वर्षाचं अशासाठी, की पहिल्या वर्षी सगळीकडेच उत्साह असतो आणि शेवटच्या वर्षी सगळीकडेच परीक्षेची धावपळ.

एका विद्यार्थिनीने मला असा कागद आणून दाखवला होता. प्रात्यक्षिकाचे आठवड्याला दहा तास! ती खूश. वर्गात मुलं किती, मी विचारलं. पंचवीस. दहा तासांची ६०० मिनिटं, भागिले २५, म्हणजे हिच्या एकटीच्या वाट्याला आठवड्यातून २४ मिनिटं. त्यातच हजेरी आणि त्यातच तानपुरे जुळवणं. पाश्चात्त्य पद्धतीच्या काँझर्व्हेटरीत, म्हणजे वादक-गायक घडवणाऱ्या संगीतशाळेत, मुख्य वाद्याचा एकट्याचा तास साधारणपणे आठवड्यातून एक असतो, पण तो तासभर शिक्षक तुमचाच असतो.

मग २४ मिनिटं वाईटच का? तसं नाही. दुसऱ्याची तालीम समोर बसून ऐकणं हेही शिकणंच आहे. शेजारच्याचा गंधार का लागत नाही ते ऐकता ऐकता आपला लागतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे. पण एकेकाला गायला लावतात की सगळी पंचवीस मुलं मिळून पलटे (सरावाच्या स्वररचना) म्हणतात, हे विचारून घ्या. घोळक्यात गाणाऱ्याचा बेसूर कुणालाच ऐकू येत नाही, त्याला स्वतःलासुद्धा नाही.

नावाजलेलं कॉलेज घ्यावं की चांगला शिक्षक बघून जावं?

शिक्षक बघून, हे सगळेच सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही: तो शिक्षक तुमच्या वाट्याला किती येणार?

मी ज्या नावाकडे बघून प्रवेश घेतला ते गुरुजी पहिल्या अख्ख्या सत्रात चारदा भेटले. मैफली, दौरे, परीक्षकाची कामं. त्यात त्यांचा दोष नव्हता. कॉलेजने त्यांना बोलावलंच होतं नावासाठी. उरलेले तास त्यांचा एक शिष्य घ्यायचा. तो शिकवायचा उत्तम, आजही मी त्याने सांगितलेले पलटे घोटते. पण त्याचं नाव माहितीपत्रकात कुठेच नव्हतं, आणि तासिका तत्त्वावर असल्यामुळे तो वर्षभरात निघूनही गेला.

म्हणून विचारायचं ते असं: माझा मुख्य विषय नक्की कोण शिकवणार? ते कायम आहेत की तासिका तत्त्वावर? त्यांच्याकडे एकूण विद्यार्थी किती? पुढच्या दोन वर्षांत ते निवृत्त होणार आहेत का? शेवटचा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, पण विचारा. तासिका तत्त्वावरचे शिक्षक कमी दर्जाचे असतात असं अजिबात नाही, पुष्कळदा तेच मैफलीत तावून सुलाखून निघालेले असतात. फक्त ते पुढच्या वर्षी असतीलच अशी खात्री कुणी देऊ शकत नाही.

मोठ्या नावाचा खरा फायदा वेगळाच असतो: सहाध्यायी. ज्या तबलेवाल्याबरोबर तुम्ही पहिल्या वर्षी चुकत माकत विलंबित एकताल धरता, तोच पुढची वीस वर्षं तुमची साथ करण्याची शक्यता असते. चांगली मुलं जिथे गोळा होतात तिथे शिक्षक नसलेल्या तासालाही शिकणं चालूच राहतं.

शिक्षक चांगला आहे हे प्रवेशाआधी कसं कळणार?

त्यांचं रेकॉर्डिंग ऐकून कळत नाही. ते कसं गातात ते कळतं, कसं शिकवतात ते नाही. त्यांचे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी ऐका. एकाच गुरूच्या दहा मुलांत घराण्याची छाप दिसणारच, दिसायलाच हवी. पण दहाही जण गुरूंचा खोकलासुद्धा उचलून गात असतील तर जरा थांबा.

शक्य असेल तर एक तास बसून बघा किंवा चाचणीपुरता एक तास मागा. बऱ्याच ठिकाणी तो मिळतो, विनंती मात्र आधी करावी लागते. अशा एका तासाला मी मागे बसले होते. मुलगी तयारीची होती, यमनच्या ताना सपासप घेत होती. बाईंनी तिला थांबवलं आणि फक्त ‘नि रे ग’ म्हणायला सांगितलं. पुन्हा. पुन्हा. मग म्हणाल्या, “निषादावर तुझं मन नाहीये, तू गंधाराच्या घाईत आहेस.” पुढची वीस मिनिटं त्या तीन स्वरांवरच गेली: श्वास कुठे घ्यायचा, निषाद किती वेळ तोलून धरायचा, रिषभाला नुसता स्पर्श की मुक्काम. विसाव्या मिनिटाला तिचा तोच ‘नि रे ग’ वेगळा यायला लागला, आणि ते तिलाही कळलं. चूक दाखवणारे पुष्कळ असतात. चूक तुमच्या कानाला ऐकू येईल अशी करून देणारा शिक्षक मिळाला तर कॉलेजचं छप्पर गळकं असलं तरी चालेल.

उलट, तासभर स्वतःच गाणारे किंवा स्वतःच्या मैफलींच्या आठवणी सांगणारेही भेटतात. ऐकायला मजा येते. शिकायला तिथे जाऊ नका.

गुरूंकडेच शिकावं, कॉलेज कशाला, असं घरातले म्हणतात. खरं आहे का?

हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. पं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते संगीत राजेरजवाड्यांच्या आणि घराण्यांच्या दारातून बाहेर काढून सामान्य घरांतल्या मुलामुलींपर्यंत नेण्यासाठी. पं. भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९१८ साली ग्वाल्हेरला आणि १९२६ साली लखनौला संगीत महाविद्यालयं उभी राहिली. तेव्हापासून ‘कॉलेजातून कलाकार निघत नाहीत’ हे वाक्य चालू आहे. त्यात तथ्य नाही असं नाही. आठवड्याच्या २४ मिनिटांत गवई घडत नाही. पण जाणकार श्रोते, शिक्षक, समीक्षक, संगीतकार घडवणं हेही काम आहे, आणि ते गुरूच्या बैठकीत आपोआप होत नाही. दोन्हींची सांगड घालायचे प्रयत्नही झाले आहेत. कोलकात्याची १९७८ मध्ये सुरू झालेली आयटीसी संगीत रिसर्च अकादमी हे त्याचं ठळक उदाहरण. तिथे गुरू आणि शिष्य एकाच आवारात राहतात.

माझं मत विचाराल तर, गुरू लाभले असतील तर सोडू नका आणि कॉलेजही करा. पण प्रवेशाआधी दोन्हीकडे स्पष्ट बोला. बाहेरच्या गुरूंकडे शिकलेलं काही कॉलेजांना चालत नाही. आणि दोन घराण्यांची तालीम एकाच वर्षी सुरू झाली तर मुलाची ओढाताण होते. किराण्याची तालीम एकेक स्वर संथपणे उलगडायला लावते, आग्र्याची नोमतोम (‘नोम, तोम’ अशा अक्षरांवरची आलापी) आणि लयकारीत म्हणजे लयीच्या खेळात उतरवते, जयपूरची दोन राग मिळून झालेल्या जोडरागांच्या गुंतवळ्यात नेते. पंचविशीत हे सगळं कानावर पडणं भाग्याचं. सतराव्या वर्षी सकाळी एकाने ‘आवाज मोकळा टाक’ म्हणायचं आणि संध्याकाळी दुसऱ्याने ‘आवाज आवर’ म्हणायचं, यात गळा बावचळतो. त्या काळात एकच ‘सा’ लावणारं एकच माणूस असावं.

बी.ए., बी.म्यूझ., बी.पी.ए.: पदव्यांच्या नावांत फरक काय?

नाव बघू नका, आत संगीत किती आहे ते बघा. साधारणपणे बी.ए.मध्ये संगीत हा इतर विषयांच्या पंगतीतला एक विषय असतो, तर बी.म्यूझ. (बॅचलर ऑफ म्युझिक) किंवा बी.पी.ए.मध्ये (बॅचलर ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स) तोच मुख्य धंदा. पण एकाच नावाखाली दोन विद्यापीठांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. क्रेडिटची वाटणी मागून घ्या. युरोपीय पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट धरतात. त्यातले मुख्य वाद्याला किती, वृंदवादनाला किती, इतिहास-शास्त्राला किती, हे कागदावरच दिसतं. मुख्य विषयाला वर्षाचे दहा-बाराच क्रेडिट असतील तर ती पदवी संगीताबद्दलची आहे, संगीताची नव्हे. संशोधनाकडे किंवा समीक्षेकडे ओढा असणाऱ्यांना तीच सोयीची.

काँझर्व्हेटरी हा शब्दही यातच येतो. मूळचे इटलीतल्या नेपल्समधले हे अनाथाश्रम. मुलांना सांभाळता सांभाळता तिथे गाणं-वाजवणं शिकवलं जाई. पुढे १७९५ मध्ये पॅरिसची आणि १८४३ मध्ये संगीतकार मेंडेल्सोनच्या पुढाकाराने लायप्झिगची काँझर्व्हेटरी निघाली आणि वादक घडवण्याची शाळा हा अर्थ पक्का झाला. आजही काँझर्व्हेटरीत दिवसाचा बराच भाग वाद्यावर जातो आणि विद्यापीठाच्या विभागात वाचन-लेखनावर. तुमचं मन कशावर जास्त वेळ टिकतं ते तुम्हालाच ठाऊक.

गायनासाठी जायचंय. खास काही बघावं का?

हो. वर्गाची पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या पट्टीला ‘सा’ धरतात ते. हा प्रश्न मला कुणीच विचारत नाही आणि सर्वांत जास्त गळे इथेच बिघडतात.

मुलांचा सहज सूर साधारण पांढरी एक ते काळी दोन, मुलींचा काळी तीन ते काळी पाच. काळी एक आणि काळी चार घेतली तर मध्ये चक्क पंचमाचं अंतर. म्हणजे तिचा षड्ज तो याचा पंचम. आता एकाच वर्गात दोघं, पेटी एक, शिक्षक एक. पेटी काळी एकवर असेल तर मुलींचं मंद्र (खालचं) सप्तक घशातच विरतं. मग त्या आवाज दाबून, खाली ढकलून गातात आणि वर्षभरात तार षड्जाशी (वरच्या ‘सा’शी) त्यांची ओळख राहत नाही. पेटी काळी चारवर नेली तर मुलं तार सप्तकात किंचाळतात. आणि शिक्षक ‘मधली’ म्हणून पांढरी तीन धरतात तेव्हा दोघांचंही नुकसान समसमान होतं, एवढाच न्याय.

चांगली कॉलेजं मुलामुलींच्या तुकड्या वेगळ्या करतात, किंवा निदान गाऊन दाखवण्याच्या वेळी प्रत्येकाच्या पट्टीचा तानपुरा लावतात. वर्गात नुसतं डोकावलं तरी हे कळतं. तानपुरे कोपऱ्यात गवसणीत उभे आहेत आणि सगळं पेटीवर चाललंय, असं दिसलं तर विचारा. फोनमधला तानपुरा सोयीचा असतो, मीही वापरते. पण चार तारा स्वतःच्या कानाने जुळवणं हा रोजचा पहिला धडा असतो, आणि तो चुकवणाऱ्याचा कान घडत नाही.

एक गंमत त्यातल्या त्यात. कॉलेजची वेळ अकरा ते पाच असेल तर तीन वर्षं सारंग, भीमपलास, मुलतानी या दुपारच्या रागांची चैन असते. पहाटेचे ललत आणि भटियार मात्र ट्यूबलाइटखाली बाराला शिकावे लागतात. आमचा दरबारी दुपारी दीडला असायचा. रात्रीच्या रागाची ती अतिकोमल धैवताची गंभीर डूब, आणि बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारतंय. पहाटेचे वर्ग किंवा रात्रीच्या बैठका भरवणारं कॉलेज दिसलं तर माझ्याकडून दोन गुण जास्त.

रियाजाच्या खोल्यांचं एवढं महत्त्व का?

१९९३ साली मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे गाजलेले ते ‘दहा हजार तास’ (एवढा सराव केला की कुणीही निष्णात होतं, असं म्हणतात) इथूनच उचलले गेले, आणि चुकीचे उचलले गेले: विसाव्या वर्षापर्यंतची ती उत्तम वादकांची सरासरी होती, यशाची हमी नव्हे. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. उत्तम विद्यार्थी एकट्याने रोज साधारण साडेतीन तास सराव करत होते, तोही एकसलग नाही. दीड तासाच्या आसपासची बैठक, मग विश्रांती, मग पुन्हा. बरेच जण दुपारची डुलकीही घेत.

आता हे तुमच्या कॉलेजात मांडून बघा. खोल्या आठ, विद्यार्थी ऐंशी, इमारत सहाला बंद. कुणाचा साडेतीन तास सराव होणार? म्हणून कॉलेज बघायला जायचं ते संध्याकाळी. जिन्यात उभं राहून ऐका. खोल्या भरलेल्या आहेत का, बाहेर ताटकळणारे किती, खोलीची नोंद वहीत होते की ज्याचा हात पहिला त्याची खोली. वसतिगृहात रात्री गायला-वाजवायला परवानगी आहे का, हेही तिथल्याच मुलाला विचारा.

एकदा आत शिरून टाळी वाजवा. भिंती गुळगुळीत आणि समोरासमोर असतील तर टाळी फडफडत परत येते. अशा खोलीत आवाज उगाच भरदार वाटतो, आणि तबला, पखवाज किंवा ट्रंपेट असेल तर कानांवर अत्याचार होतो. कामाच्या जागेसाठी अमेरिकेची नायोश ही कामगारांच्या आरोग्यासाठीची संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा सुचवते. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी: ८८ ला ४ तास, ९१ ला २. छोट्या खोलीत जोराने वाजवणारा ही मर्यादा सकाळीच ओलांडतो. भिंतींवर जाड पडदे किंवा शोषक फलक लावलेले दिसले तर समजा, इथे कुणाला तरी कानांची काळजी आहे.

साथीदार मिळतात का, हे कसं कळेल?

एकच प्रश्न विचारा: परीक्षा नसलेल्या आठवड्यात तबलावादक किती तास असतात? परीक्षेला ते सगळीकडेच असतात. वर्षभर ठेक्याच्या यंत्रावर गायलेलं मूल परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा जिवंत तबल्यासमोर बसतं आणि पहिल्याच आवर्तनात सम (तालाची पहिली मात्रा) चुकतं. पियानोच्या साथीने गाणाऱ्या किंवा व्हायोलिन वाजवणाऱ्यांनाही हेच लागू.

प्रवेशचाचणीत परीक्षक नेमकं काय ऐकतात?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खूप आधीपासून ऐकतात. एका चाचणीत एक मुलगा बसला, तानपुरा छेडला, ‘सा’ लावला आणि थांबला. “जोड उतरली आहे, एक मिनिट घेऊ का?” म्हणाला. शांतपणे जोडीतली, म्हणजे मधल्या दोन तारांतली, उतरलेली तार चढवली, मणी सरकवला, पुन्हा छेडून ऐकलं. तोवर आम्ही तिघांनीही मनात त्याला प्रवेश दिला होता. पुढे त्याचा मध्यलय ख्याल बेताचाच झाला, पण बेताचं गाणं तीन वर्षांत सुधारतं. कान कुठून आणणार?

त्याउलट दर वर्षी कुणीतरी अनवट, म्हणजे क्वचित गायला जाणारा, राग घेऊन येतं. तो नुकताच शिकलेला असतो आणि तिसऱ्या मिनिटाला संपतो. साधा भूप किंवा बिहाग घ्या, जो तुम्ही मध्यरात्री उठवलं तरी गाल. परीक्षक मध्येच थांबवतील, वेगळा ताल देतील, एक स्वरसमूह म्हणून दाखवतील आणि तो परत म्हणायला सांगतील. तुम्ही नवीन गोष्ट किती पटकन उचलता, हे त्यांना बघायचं असतं. थांबवलं म्हणजे नापास केलं नव्हे. पाश्चात्त्य संगीतात याच्या जोडीला स्वरलिपी बघताक्षणी वाजवणं असतंच.

रेकॉर्डिंग मागवलं असेल तर एकसलग करा, जोडकाम नको, घुमारा वाढवणारी कुठलीही करामत नको. वाद्य असेल तर हात दिसू द्या.

परदेशी जाणाऱ्यांनो, तारखा सांभाळा. ब्रिटनच्या बहुतेक काँझर्व्हेटरींचे अर्ज इतर विषयांच्या बरेच आधी, ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद होतात. अमेरिकेत चाचणीपूर्व रेकॉर्डिंग बऱ्याच ठिकाणी डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत मागतात. म्हणजे तयारी आदल्या उन्हाळ्यातच व्हायला हवी.

विशारद किंवा ग्रेड परीक्षा झाल्या आहेत. उपयोग होतो का?

तयारी म्हणून होतो, वशिला म्हणून नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद असो की १८८९ पासून चालत आलेल्या एबीआरएसएम या ब्रिटनच्या परीक्षासंस्थेची आठवी ग्रेड, चाचणी घेणारे प्रमाणपत्र बाजूला ठेवतात आणि ‘गा’ म्हणतात.

मला गायचंच आहे. शास्त्र, इतिहास, स्वरलेखन कशाला?

मीही असंच म्हणायचे. मग एका जुन्या पुस्तकात एक बंदिश सापडली आणि वाचता येईना, कारण ती पलुस्कर पद्धतीने लिहिलेली होती आणि मला फक्त भातखंडे पद्धत येत होती, कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी. दोन दिवस वाया गेले. दोन्ही लिप्या आणि जोडीला पाश्चात्त्य स्टाफ (पाच रेघांची स्वरलिपी) शिकवणारं कॉलेज असेल तर आयुष्यभर हात पसरावे लागत नाहीत. ध्वनिमुद्रणाची निदान तोंडओळखही हवी. आपलंच रेकॉर्डिंग स्वच्छ करून घेता येणं ही आज चैन राहिलेली नाही.

ऑनलाइन पदवी चालेल?

शास्त्र आणि इतिहासासाठी उत्तम. एकत्र वाजवण्यासाठी नाही. आवाज पोहोचायला साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला की दोघांची लय एकमेकांची वाट बघत मंदावत जाते, आणि घरच्या इंटरनेटवर याहून जास्तच वेळ लागतो. शिवाय गुरूंनी मांडीवर हाताने दिलेला ताल स्क्रीनवर अर्धाच पोहोचतो.

जॅझ, चित्रपटसंगीत, म्युझिक प्रॉडक्शन असं काही करायचं असेल तर?

तर वरची बरीच उत्तरं अर्धीच लागू. १९४५ साली स्थापन झालेल्या बॉस्टनच्या बर्कलीने जॅझ आणि लोकप्रिय संगीत कॉलेजात शिकवायची वाट रुळवली. चेन्नईत २००८ साली ए. आर. रहमान यांनी केएम म्युझिक काँझर्व्हेटरी काढली, तिथे पाश्चात्त्य आणि हिंदुस्तानी दोन्ही शिकवतात. अशा ठिकाणी स्टुडिओचा फोटो बघून भाळू नका. प्रत्येक विद्यार्थ्याला तो सत्रात किती तास मिळतो आणि रात्री मिळतो का, ते विचारा. आणि बाकी काहीही असो, एक वाद्य किंवा गळा नीट शिकवतात का ते बघा. सॉफ्टवेअर दर दोन वर्षांनी बदलतं.

आम्ही पालक. आम्हाला संगीतातलं काही कळत नाही. आम्ही काय बघायचं?

तुम्हीच बघाव्यात अशा गोष्टी आहेत, त्या मुलं बघत नाहीत. रियाज संपवून मूल किती वाजता बाहेर पडतं आणि परत कसं येतं. एकट्याच्या तासाच्या खोलीच्या दाराला काच आहे का. संगीताचं शिक्षण बंद खोलीत, दोघांत, आदराच्या मोठ्या दबावाखाली चालतं. त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची हे भिंतीवर लिहिलेलं असायला हवं, आणि विचारल्यावर कार्यालयात कुणी कपाळाला आठ्या घालता कामा नयेत. चांगल्या शिक्षकाला दारातल्या काचेचा कधीच राग येत नाही.

हातपाय आणि गळा यांचंही विचारा. जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमानचा पियानोवादक होण्याचा मार्ग हाताच्या दुखण्याने विशीतच बंद झाला. दुखतंय म्हटल्यावर ‘आणखी रियाज कर’ सांगणारे आजही आहेत. काही ठिकाणी विद्यार्थ्यांना फिजिओथेरपिस्ट किंवा आवाजाच्या डॉक्टरांकडे पाठवण्याची व्यवस्था असते. ती आहे का ते बघा.

पुढे पोट भरेल का?

नुसत्या मैफलींवर फार थोड्यांचं भरतं. बाकीचे शिकवतात, साथ करतात, ध्वनिमुद्रणं करतात, संगीत देतात, लिहितात, आणि बहुतेक जण यातली तीन कामं एकदम करतात. कॉलेजला विचारा, गेल्या तीन तुकड्यांमधली मुलं आज काय करत आहेत? दोन चमकत्या नावांवर उत्तर थांबलं तर उरलेल्या चाळिसांबद्दल विचारा. फीसाठी मोठं कर्ज काढायची वेळ येत असेल तर मी तरी दुसरं कॉलेज शोधीन. शिष्यवृत्त्या नीट धुंडाळा. फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटसारखी संस्था १९२८ पासून कुणाकडूनच शिकवणीची फी घेत नाही, पण तिथे एकूण विद्यार्थीच दोनशेच्या आत असतात.

वय जास्त झालंय का?

पियानो-व्हायोलिनच्या वादकांसाठी चाचण्या कठोर असतात, तिथे लहानपणापासूनची तयारी गृहीत धरतात. गायनात तसं नाही. मुलांचा आवाज फुटून बसेपर्यंत थांबणंच बरं. पंचविशी-तिशीत येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायला मला उलट आवडतं, ते वेळ वाया घालवत नाहीत.

प्रवेश घेतला आणि पहिल्याच सत्रात कळलं की चुकलं. आता?

आधी शिक्षक बदलून मागा, कॉलेज नंतर. बऱ्याच संस्थांत मुख्य शिक्षक बदलण्याची रीतसर सोय असते, फक्त ती कुणी जाहीर करत नाही. अर्ज करण्याआधी सध्याच्या शिक्षकांना स्वतः जाऊन सांगा, दुसऱ्याकडून कळू देऊ नका. हे जग लहान आहे, चार वर्षांनी तेच तुमच्या मुलाखतीला बसलेले असतात.

दोन ठिकाणी नाव लागलंय आणि परवापर्यंत कळवायचंय. कसं ठरवू?

दोन्ही ठिकाणच्या दुसऱ्या वर्षाच्या एकेका विद्यार्थ्याला फोन करा. ‘कॉलेज कसं आहे’ असं विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतात. विचारा: गेल्या आठवड्यात तू एकट्याने गुरुजींसमोर किती वेळ गायलास? काल रियाजाला खोली मिळाली का? शेवटचं कुणापुढे कधी गायलास? जो पटापट, आकड्यांत उत्तरं देईल त्याच्या कॉलेजात जा. आणि एकीकडे होकार कळवलात की दुसरीकडे नकारही त्याच दिवशी कळवा. तिथल्या प्रतीक्षायादीत पहिल्या क्रमांकावर कुणीतरी फोन उशाशी घेऊन झोपतंय.